मुरमाच्या वाटेनं वळसंग

॥ सिद्धरामेश्वर ॥

सोलापूर, १८ ऑगस्ट, श्रावणी सोमवार

चि. सौ. हेमास आशीर्वाद.

पत्र फाडायच्या आधी एवढं वाच की घरात कुणी आजारी नाही, कुणी गेलेलं नाही, आणि मला तुझ्याकडं काही मागायचंही नाही. फोन लावून पाहिला होता. एकदा वाजल्यासारखा होतो आणि बंद पडतो. अद्वैत म्हणाला, "आई, मावशीनं तुझा नंबर अडवून ठेवलाय." अडवू दे म्हटलं. पोस्टमनला अडवायचं बटण अजून निघालेलं नाही.

सहा वर्षांनी पत्र लिहायचं तर काहीतरी मोठं लिहावं, असं वाटून मी महिनाभर थांबले. मोठं काही सुचेना. म्हणून घरातलंच लिहिते.

तुझे दाजी निवृत्त झाले. शाळेच्या ऑफिसातली खुर्ची सुटली आणि त्यांनी घरातली धरली. मग साखर निघाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज चालायला जा. हे चालायला म्हणून निघायचे ते कोपऱ्यावरच्या गाड्यापर्यंत, आणि गोड चहा पिऊन परत. खिशातली चिल्लर कमी झालेली मला कळायची. मी रोजचा हिशेब लिहिते हे पस्तीस वर्षांत माणूस विसरतं कसं, सांग.

शेवटी अद्वैतनं पुण्याला जाताना मागं ठेवलेली गियरची सायकल मी माळ्यावरून खाली काढायला लावली. म्हणाले, "या वयात एकटा सायकलवर फिरलो तर लोक हसतील."

म्हटलं, "मी येते बरोबर. मग तुमच्याकडं कोण बघतंय?"

तशी मी सायकल घेतली. वापरलेलीच, तुझे बसलिंगप्पा हसतील अशी, पुढं टोपली असलेली. साडी पहिल्याच दिवशी चेनमध्ये गेली आणि काळं वंगण लागून फुकट गेली, तिचं मला अजून वाईट वाटतं. आता उरलेल्या कापडांचे दोन पंजाबी ड्रेस शिवलेत. अंगात घालून आरशासमोर उभी राहिले तर तुझे दाजी म्हणाले, "कॉलेजला कधी जाणार?" मॅट्रिकवर थांबलेल्या बाईला असं विचारतात.

सात रस्त्याच्या चौकात मी सायकलवर बसत नाही. हातात धरून कडेकडेनं चालते. रिक्षा, बस, दूधवाले, क्लासला निघालेली पोरं, सगळे एकदम सगळीकडून येतात. पण शहर संपलं की तळ्याकडून आलेला कालवा लागतो, आणि त्याच्या भरावावर मुरमाचा रस्ता आहे. कालव्याच्या माणसांना देखरेखीला जाता यावं म्हणून केलेला. तोंडाशी लोखंडी खांब आडवा टाकलाय, त्यामुळं ट्रक नाही, ट्रॅक्टर नाही, मोटारसुद्धा नाही. सायकल जाते, मेंढरं जातात, आणि बगळे चालतात. चाकाखाली मुरूम भाजलेल्या शेंगदाण्यासारखा कुरकुरतो. एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला तूर. कुणी हॉर्न वाजवत नाही. हेमा, मी लग्न होऊन सोलापुरात आल्यापासून इतकं शांत कधी ऐकलं नव्हतं.

तिथं रविवारी शहरातले डॉक्टर लोक येतात, डोक्यावर टोप्या, अंगाला चिकटलेले कपडे. ते झपकन पुढं जातात. आम्ही मागून नामस्मरण करत जातो. माझं एक आवर्तन संपेपर्यंत तुझे दाजी दोनदा पाणी पितात.

कालवा पुढं कुठवर जातो ते मी विचारलेलं नाही.

बसलिंगप्पांना नमस्कार. मल्लिनाथला आशीर्वाद.

तुझी,
महानंदा

॥ सिद्धरामेश्वर ॥

सोलापूर, ७ सप्टेंबर

चि. सौ. हेमास आशीर्वाद.

उत्तर येईल असं मी धरलं नव्हतं, तरी पोस्टमन दिसला की गेटपर्यंत जाते. तो आता लांबूनच मान हलवतो.

मागच्या पत्रात मी एक खोटं लिहिलं. कालवा कुठवर जातो ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तो वळसंगला जातो. तुमच्या मळ्याच्या मागून जातो. कालवा खोदायला सुरुवात झाली तेव्हा, अप्पांच्या माघारी तुझ्याकडं राहिलेली आपली अव्वा म्हणाली होती, "आता शेवटच्या दिवसांत बसल्या जागी गंगा दिसंल." तिला ती दिसली नाही. पाणी सुटायच्या आधीच ती गेली.

मी मुद्दाम त्या दिशेनं सायकल घातली असं तू म्हणशील. नाही गं. सायकल फिरवायला दुसरी धड जागाच नव्हती. पण आता दर रविवारी आम्ही मागच्या खेपेपेक्षा एक पूल पुढं जातो, ते मात्र मुद्दाम.

वाटेत मायाप्पा भेटतो. मेंढरं घेऊन भरावावर असतो. पहिल्यांदा मला पाहून त्यानं काठी आडवी धरून मेंढरं थांबवली आणि म्हणाला, "या अक्का, या. बायामाणसाला वाट द्या रं!" मेंढरांना सांगत होता. तुझे दाजी मागून आले तर त्यांना विचारतो, "सायेब, तुमी का माघं? पंक्चर हाय व्हय?" तेव्हापासून त्याचं आणि ह्यांचं जमलंय. तो आम्हाला रस्त्याची हकीकत देतो. कुठं मुरूम वाहून गेला, कुठं सराटे पडलेत. सराट्याचं काय असतं ते शहरात विसरायला झालं होतं. तीन दिशांनी काटे, कसाही पडला तरी एक वर.

आठवतं का, अप्पांच्या मोठ्या सायकलवर आपण शाळेला जायचो. तू मधल्या दांडीवर, मी मागं, आणि अप्पा उतारावर पाय सोडून द्यायचे. अक्कलकोट रस्ता तेव्हा असा होता की एखादी एसटी आली तर अप्पा खाली उतरून तिला हात करायचे. आता त्या रस्त्यावर मी पायही ठेवू शकत नाही.

तो दिवस मी लिहिणार नव्हते. पण लिहायला बसल्यावर दुसरं काही पुढं सरकत नाही, म्हणून एकदाच लिहिते. तुझा फोन आला, अव्वा गेली. मी अंगावरच्या कपड्यानिशी निघाले. कुंभारीपाशी उसाचा ट्रॅक्टर उलटला होता. पुढं गाड्या, मागं गाड्या. तुझे दाजी खाली उतरून चालत पुढं जाऊन आले, म्हणाले, काही हलत नाही. मी रिक्षात बसून दिवस खाली जाताना बघत होते. तुम्हाला फोन केला, बसलिंगप्पांनी घेतला, म्हणाले, बघतो. मी पोचले तेव्हा तुम्ही अव्वाला आपल्या रीतीप्रमाणं बसवून माती दिली होती. मला तिचं तोंड दिसलं नाही.

मी सगळ्यांसमोर म्हटलं, "माझ्यासाठी अर्धा तास थांबता आलं नाही?"

तू म्हणालीस, "दिवस मावळत होता. जंगम अय्यांनी सांगितलं. शहरातल्या लोकांना वेळ नसतो, आम्ही किती थांबायचं?"

पुढचं दोघींनाही पाठ आहे. मल्लिनाथच्या लग्नाची पत्रिका आली नाही, ते दुसऱ्यांकडून कळलं. त्या दिवशी मी घरी पुरणपोळी केली. कुणासाठी केली ते तुझ्या दाजींनी विचारलं नाही. दोन खाल्ल्या, साखर असून.

तुझी,
महानंदा

॥ सिद्धरामेश्वर ॥

सोलापूर, १२ ऑक्टोबर

चि. सौ. हेमास आशीर्वाद.

आज आम्ही शेवटच्या पुलापर्यंत गेलो. म्हणजे तुमच्या मळ्यामागं.

मी खाली उतरले नाही. भरावावरूनच पाहिलं. अव्वाची समाधी दिसते तिथून. मला वाटलं होतं गवत वाढलं असेल, एखादी फरशी निखळली असेल, आणि ते बघून मला तुझा राग येईल. खरं सांगायचं तर रागाची तयारी करूनच गेले होते. पण चुना ताजा होता. वर पत्र्याचं छप्पर घातलंय. कडेला बेलाचं झाड आता पुरुषभर झालंय. रागाला काही जागाच मिळेना. मी सायकलला टेकून नमस्कार केला.

मग तू दिसलीस. हिरवं लुगडं, हातात बादली. मी घंटी वाजवली. कशाला वाजवली ते मला माहीत नाही. तू कपाळावर हात धरून वर पाहिलंस, बराच वेळ पाहिलंस, आणि पुन्हा बादलीकडं वळलीस. डॉक्टर लोकांपैकी कुणी असेल असं वाटलं असणार. पूर्वी तू एवढ्यावरून माणसाची चाल ओळखायचीस. डोळे दाखवून घे, हेमा.

तुझे दाजी म्हणाले, "चल की खाली. इथवर आलोय."

म्हटलं, "बोलावल्याशिवाय कसं जायचं?"

"आणि त्यांनी म्हणायचं, आल्याशिवाय कसं बोलवायचं. तुम्ही दोघी असंच शंभरी गाठा. मी मधल्या मध्ये सायकल चालवून पैलवान होतो."

त्यांची साखर खाली आलीय. तेवढं एक बरं झालंय या सगळ्यात. बाकी कालवा भरून वाहतोय, काठाला निळा खंड्या बसतो, आणि परतीच्या वाटेला पाठीवर ऊन येतं. मी सुखात आहे, असं लिहिलं तर तुला खोटं वाटेल का? आहे मी सुखात. त्यातली एक बाजू तेवढी रिकामी आहे.

दिवाळी जवळ आली. करंज्या करताना तुझी मुरड आठवते. माझी अजूनही उकलते.

तुझी,
महानंदा

॥ सिद्धरामेश्वर ॥

सोलापूर, ११ नोव्हेंबर

चि. सौ. हेमास आशीर्वाद.

काल सोमवारी तुझ्या घरी एक बाई येऊन गेली. तुझ्या सुनेनं, श्रावणीनं, तुला सांगितलंच असेल. ती बाई मी.

आता सगळं ओळीनं सांगते, कारण तू चिडणार आहेस आणि चिडायचंच तर पुरतं कळून चीड.

कार्तिकातला सोमवार होता. मनात आलं, आजची लिंगपूजा अव्वाच्या समोर करावी. खाली उतरायचं नाही, भरावावरच बसायचं, समाधी समोर दिसते. पहाटे अंघोळ केली, टोपलीत विभूती, बेलाची पानं, आसन आणि भाकरीचा डबा घेतला. तुझ्या दाजींना बँकेत हयातीचा दाखला द्यायला जायचं होतं. नोव्हेंबर आहे ना, जिवंत असल्याचं दाखवावं लागतं. दारात म्हणाले, "पाणी घेतलंस का?"

म्हटलं, "कालव्याला जाते आहे. पाण्याकाठी पाणी कोण वाहून नेतं? वजन उगाच."

"हवा भरायचा पंप तरी ठेवू का तुझ्याकडं?"

"तुमच्याकडंच असू दे. हरवेल माझ्याकडून."

तर कालव्यावर पोचले आणि कालवा कोरडा. पाणी बंद केलेलं. तळं काठोकाठ भरलेलं मी डोळ्यांनी पाहिलं होतं, म्हणून धरून चालले की कालवाही भरलेला असणार. शेतकऱ्याच्या मुलीनं एवढं तरी समजायला हवं होतं, की तळं भरलेलं असलं तरी पाणी पाळीनंच सुटतं. वाटलं, पुढं डबकं असेल. पुढं चिखल होता, त्यात बगळे. आणखी पुढं तोही वाळलेला. आणि पूजा झाल्याशिवाय मी तोंडात पाणी घेत नाही, हे तुला सांगायला नको. अव्वाचंच वळण.

पाठीमागं फिरावं तर अर्ध्याहून जास्त वाट झाली होती. शेवटच्या पुलाच्या अलीकडं मागचं चाक फुस्स झालं. एक नाही, तीन सराटे. मी सायकल हातात धरून चालायला लागले. ऊन वर आलं. ओठ चिकटायला लागले.

मायाप्पा भेटला. माझं तोंड बघून त्यानं आधी काखेतली बाटली काढली, स्वतः दोन घोट घेतले आणि माझ्यापुढं धरली. "घ्या अक्का. गार हाय."

मी म्हटलं, "नको बाबा."

त्यानं बाटली मागं घेतली. बूच लावत खाली बघून म्हणाला, "व्हय. आमच्या हातचं कसं चालंल."

महिनोन् महिने हा माणूस माझ्यासाठी मेंढरं बाजूला करतोय. मी गळ्यातलं लिंग बाहेर काढून त्याला दाखवलं. म्हटलं, "तसं नाही रे मायाप्पा. पूजा व्हायचीय. त्याच्याआधी मी माझ्या घरचंही पाणी पीत नाही. आणि पूजेला उष्टं चालत नाही, नाहीतर तुझ्याच बाटलीतलं मागितलं असतं."

त्यानं बाटली काखेला अडकवली. मग हसला. "मग आसं सांगा की! मला वाटलं काय न् काय. आवो, त्यो बसलिंगप्पाचा मळा न्हाय का, तितली म्हातारी बी आसंच करती. मागल्या उन्हाळ्यात हितं चक्कर यिऊन पडली, तरी पाणी घिना. पूजा, पूजा म्हणती. तितं जावा. बोरचं पाणी हाय."

म्हातारी म्हणजे तू. माझ्याहून चार वर्षांनी धाकटी.

"दुसरं घर नाही का जवळ?" मी विचारलं.

"हाय की. पर त्येंच्यात कुत्रं लई वंगाळ हाय."

तर हे असं. मी तुझ्या दारात आले ती मोठेपणानं आले नाही, माया दाटून आली म्हणूनही नाही. तहान लागली होती, सायकलला हवा नव्हती आणि शेजाऱ्यांचं कुत्रं चावरं होतं. सिद्धरामेश्वराला माझी परीक्षा बघायची होती की चेष्टा करायची होती, कोण जाणे.

दारात श्रावणी. मी नाव सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात ती म्हणाली, "या मावशी, बसा. चेहरा किती उतरलाय." ती कुणालाही मावशी म्हणत असेल. मी नाव गिळलं. सांगितलं असतं तर तिनं तुला फोन लावला असता, आणि तू काय म्हणाली असतीस ते मला ऐकायचं नव्हतं. पूजेला पाणी हवंय एवढंच सांगितलं. पोरीनं एक शब्द विचारला नाही. बोर चालू केला, सोवळ्यात तांब्या घासून भरला, पाट काढला आणि म्हणाली, "घरात करता, का समाधीपाशी? आमच्या अत्या तितंच करत्यात."

मी समाधीपाशी केली.

बेलाची पानं मी आणली होती ती उन्हानं काळवंडली होती. श्रावणीनं झाडाची ताजी तोडून दिली. डाव्या तळहातावर लिंग घेतलं, पाणी घातलं, आणि मला मंत्र आठवेना. रोजचा मंत्र. सहा वर्षं मी जिच्याशी मनात भांडत होते ती समोर शांत बसलेली होती. मी अव्वाला म्हटलं, रस्ता अडला होता गं. एवढंच म्हटलं. मग मंत्र आला.

पाणी प्याले. असं गोड पाणी बोरला आहे तुमच्या! श्रावणीनं गरम भाकरी वाढली, शेंगाचटणी, वांगं. माझा डबा उघडू दिला नाही. जेवताना मी विचारलं, "सासूबाई कुठायत?"

"सोलापूरला गेल्यात डोळं दावायला. मामंजी बी गेल्यात. येतील आता." मग तिचा फोन वाजला. तुझाच होता. मोठ्यानं बोलतेस तू अजून, मला अक्षरन् अक्षर ऐकू आलं. "अगं, कुंभारीच्या पुढं ट्रेलर आडवा झालाय. काय हलंना. जेवून घ्या तुम्ही, कधी येतो सांगता येत नाही."

माझा घास हातात राहिला. तीच जागा, हेमा. तू त्या गाडीत बसलेली मला दिसलीस. पुढं गाड्या, मागं गाड्या, आणि औषध घातलेले तुझे डोळे. त्या घटकेला माझ्या मनात कुणाचीही चूक उरली नाही. ना तुझी, ना अय्यांची, ना बसलिंगप्पांची. दिवस कुणाच्या हातात आहे?

श्रावणी फोन ठेवून हसत होती. म्हणाली, "बघा की मावशी, आज जेवून घ्या म्हणत्यात. आणि ह्या समाधीतल्या आजींची पुण्यतिथी आसती ना, त्या दिवशी दिवस मावळेस्तोवर पंगत बसू देत न्हाईत. सगळा सैपाक करून झाकून ठिवायचा. मामंजी भुकेनं लाल व्हत्यात. मी नवी व्हते, इचारलं, कुणाची वाट बघायची? तर म्हणाल्या, येक माणूस यायचं ऱ्हायलंय. कोण म्हणलं तर सांगत न्हाईत. दरवर्सी आसंच. मग अंधार पडला की गप वाढायला घेत्यात."

मी पाणी पिण्याचं निमित्त करून उठले आणि पाठमोरी होऊन डोळे पुसले.

सांगायला हवं होतं त्याच वेळी. पण पोरीसमोर रडायला लागले असते तर ती घाबरली असती. आणि तेवढ्यात बँकेतून सुटलेले तुझे दाजी पंप घेऊन भरावावरून खाली उतरले. वाटेत भेटलेल्या मायाप्पानं घर दाखवून पाठवलं होतं. अंगणात येऊन पहिला प्रश्न, "हेमा कुठाय?"

श्रावणी म्हणाली, "तुमी वळखता व्हय अत्यांना?"

मी पाठीमागून डोळे वटारले. हे म्हणाले, "वळसंगच्या हेमावतीबाईंना कोण ओळखत नाही! पंचक्रोशीत नाव आहे." पोरगी खूश. ह्यांनाही एक ताट मिळालं. वर दही.

पंक्चर काढलं, हवा भरली. निघताना श्रावणीनं विचारलं, "कोण आलं व्हतं म्हणून सांगू?" मी म्हटलं, "कालव्यावरची बाई म्हण." ती भरावापर्यंत पोचवायला आली. पाया पडली. मी आशीर्वाद दिला तो मावससासूचा दिला, तिला कळलं नसलं तरी. लग्नात द्यायचा राहिला होता.

आता तुला सगळं कळलं. पुढं काय करायचं ते तू ठरव. मी आता वाट बघत बसलेली नाही आणि रुसलेलीही नाही. पत्र आलं तर आनंद, नाही आलं तर रविवारी भरावावरून नमस्कार करून जाईन.

तुझी,
महानंदा

॥ सिद्धरामेश्वर ॥

सोलापूर, २४ नोव्हेंबर

चि. सौ. हेमास आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. पोस्टमननं लांबूनच हात वर केला. पाकिटावरचं अक्षर बघून मी तिथंच गेटला धरून उभी राहिले. तुझे दाजी म्हणाले, "उघड की, का त्याचीही आधी पूजा करायची?"

चार ओळी लिहिल्यास. दोन शिव्यांच्या. त्या बरोबर आहेत. "माझ्या घरात जेवून गेलीस आणि नाव सांगितलं नाहीस. सून मला विचारते, अत्या, ती बाई रडत का होती, तर मी काय सांगू? मी गाडीत अडकले होते. अर्धा तास थांबली असतीस तर काय बिघडलं असतं?"

काही बिघडलं नसतं, हेमा. थांबायला हवं होतं. आता तूही ते वाक्य मला म्हणून घेतलंस. फिटलं म्हणू नये, पण दोघींच्या पदरात सारखंच पडलं. मी तुझं पत्र वाचून हसले आणि मग बराच वेळ देवापुढं बसले.

चौथ्या ओळीत तू विचारलंस, मी पंजाबी ड्रेस घालते हे खरं का. खरं आहे. तुझ्यासाठी एक शिवायला घेतलाय. उरलेल्या कापडातला नाही, ताग्यातून नवं फाडून आणलं. दुकानदारानं दोनदा विचारलं, नक्की ना? तुझं माप मला आठवतं तेच असेल असं धरलंय. वाढलं असेल तर कळव, शिलाईत माया सोडलीय. सायकल तुला शिकवावी लागणार नाही. अप्पांच्या सायकलवरून पडून तुझा गुडघा फुटला होता तरी दुसऱ्या दिवशी तूच आधी बसली होतीस. डोळ्यांचं ऑपरेशन होऊ दे, डॉक्टर हो म्हणाले की बघू. तोवर मी येत जाईन. मायाप्पाला मी सांगून टाकलं की ती म्हातारी माझी धाकटी बहीण आहे. तो म्हणाला, "आवो, मग तुमी किती म्हाताऱ्या!" आणि स्वतःच पळून गेला.

पुण्यतिथी मार्गशीर्ष वद्य पंचमीला येते. आम्ही दोघंही येतो. मुरमाच्या वाटेनंच येणार, पहाटे निघून. पूजा तुझ्याबरोबर करीन. अय्यांना सकाळचीच वेळ सांग. अद्वैतला सुट्टी मिळाली तर तोही येईल, त्याला मावशीच्या हातच्या करंज्या हव्यात म्हणे, दिवाळी झालेली असली तरी. पुरण मी वाटून आणत नाही, तिथं आल्यावर दोघी मिळून वाटू. श्रावणीला पाट्याशी बसू देऊ नको, तिनं परवा पुष्कळ केलं.

आणि बसलिंगप्पांना माझा नमस्कार सांग. म्हणावं, या वर्षी पंगत दुपारी बारालाच बसेल.

तुझी,
अक्का